ठोके खाल्लेला चेंडू

वॉट टुलोकने तो चेंडू बाकावर ठेवला तेव्हा एबेन हॅकस्टन छातीला दांडा लावून पिसं कोंबत होता. त्याने मान वर करायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"म्हातारबा, जरा बघा तरी," वॉट म्हणाला. "एडिंबरोहून आलाय. साहेबलोक वेडे झालेत यापायी."

"साहेबलोकांना वेडं व्हायला काही लागत नाही," एबेन म्हणाला आणि खोकला.

फाइफच्या किनाऱ्यावरच्या पिटरॉय गावात गोल्फचे चेंडू करणारा एबेन हा एकटाच. त्याच्या बापाने हेच केलं, आजाने हेच केलं. बैलाच्या कातड्याची पिशवी तुरटीच्या पाण्यात भिजवायची, उलटवून शिवायची, बोटभर फट ठेवायची आणि त्या फटीतून टोपीभर उकडलेली हंसाची पिसं लोखंडी सळईने आत दाबत राहायचं. शेवटी शेवटी हाताचं बळ पुरत नाही. मग सळईचा आडवा दांडा छातीला टेकवून सगळं अंग त्यावर टाकायचं. दिवसात चार चेंडू झाले तर खूप झाले. चाळीस वर्षं हे करून एबेनच्या बरगड्या आत गेल्या होत्या आणि पिसांची धूळ छातीत घर करून बसली होती.

फट शिवण्याचं काम त्याच्या मुलीचं. ग्रिझेल बत्तीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं. आई गेल्यापासून चूल आणि शिवण दोन्ही तिच्याकडे. हात आरीवर असत आणि पाय बाकाखाली एकसारखे हलत असत. "ही पोरगी बसल्या बसल्या चार मैल चालते," असं वॉट म्हणायचा. वॉट कॅडी होता, म्हणजे माळरानावर साहेबांच्या मागे त्यांच्या काठ्या घेऊन हिंडणारा. पन्नाशीचा, वाकड्या नाकाचा. खेळायचा मात्र साहेबांपेक्षा चांगला, आणि हे साहेबांनाही माहीत होतं.

एबेनने अखेर दांडा बाजूला ठेवला. चेंडू उचलला, फिरवला, नखाने खरवडला. तपकिरी काळपट रंगाचा, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत.

"याला शिवण कुठाय?"

"शिवण नाहीच. गटापर्चा म्हणतात. पूर्वेकडच्या कुठल्याशा झाडाचा चीक. जहाजातून येतो."

"शिवण नाही, पिसं नाहीत. मग चेंडू कशाचा?"

"चिकाचा."

"मग उकडून खा," असं म्हणून एबेनने तो बार्लीच्या रश्श्याच्या पातेल्यात टाकला आणि पुन्हा छातीला दांडा लावला.

वॉट हळहळत निघून गेला. दुपारी ग्रिझेलने पळीने तो चेंडू बाहेर काढला तेव्हा त्याची चपटी वडी झाली होती. फेकायला म्हणून तिने तो हातात घेतला आणि फेकायची राहिली. बोटं रुतत होती. चटके बसत असतानाही तिने तो तळव्यांत घोळवला, बुंदीचा लाडू वळावा तसा. गोल झाला. थंड पाण्यात टाकला. घटकाभराने काढला तर दगडासारखा टणक.

ती तशीच उभी राहिली. बापाचा चेंडू पावसात एकदा भिजला की गच्च होऊन मरायचा. काठीचा लोखंडी फटका शिवणीवर बसला की फुटून पिसं उडायची. हा रश्श्यात शिजून निघाला होता आणि परत गोल झाला होता.

"काय गं, काय बघतेस?" आतून एबेन ओरडला.

"रस्सा खारट झालाय का ते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. शिवताना टाका चुकायचा. पेज ढवळताना हात थांबायचा. वॉटच्या मध्यस्थीने तिने एडिंबरोहून चिकाचा एक गठ्ठा मागवला आणि परसातल्या धुण्याच्या खोपीत कपडे उकळायच्या तपेल्यात चेंडू वळायला लागली. एबेन खोपीकडे कधी फिरकत नसे. वाफेने त्याचा खोकला चाळवायचा.

पहिले सहा चेंडू तिने अगदी मन लावून केले. कुठे रेघ नाही, खळगा नाही. लोकरीच्या फडक्याने घासून घासून असे चकचकीत केले की त्यात खिडकी दिसावी. वॉटने ते माळावर नेले आणि तासाभरात परत आला.

"ग्रिझेलबाई, हे चेंडू आहेत की बदकं?"

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय! सुटतात ठीक. पन्नास पावलं बरे जातात आणि मग पाण्यात बदक डोकं घालतं तसे खाली बुडी मारतात. मेजर ड्रमंडसाहेब म्हणाले, हा कुणी केला त्याला माझ्यासमोर उभा करा."

"तुमचा फटका चुकला असेल, वॉटकाका."

वॉटला फटका चुकला म्हटलेलं चालत नसे. तो खाली बसला, बूट काढला, त्यातली वाळू झटकली. "सहा चेंडूंना सहा वेळा चुकला? माझा जुना चिकाचा चेंडू आहे ना, रश्श्यात गेला त्याच्यानंतर आणलेला, दोन महिन्यांचा, तो अजून समुद्राच्या वाऱ्यात दीडशे पावलं जातो. तुझे नवे शंभरावर मेले."

"बघू जुना."

वॉटने खिशातून काढून दिला. त्याची दैना झाली होती. काठीच्या लोखंडाने जागोजाग चिरे पडलेले, खडकांनी खरचटलेला, एका बाजूला सशाने दात लावलेत की काय असं वाटावं.

"शी! असला चेंडू खेळता? द्या इकडे, नवा करून देते."

आणि तिने तो उकळत्या पाण्यात टाकला, सगळे चिरे बुजवले, वळून लख्ख गोल केला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकाने परत दिला.

संध्याकाळी वॉट खोपीच्या दारात उभा राहिला. त्याचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला होता.

"मारलास," तो म्हणाला.

"कुणाला?"

"माझ्या चेंडूला! दोन महिने माझ्याबरोबर होता. आता तोही बदक झाला. काय घातलंस त्यात?"

"काही नाही घातलं. नुसते चिरे बुजवले."

हे बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. पाय हलायचे थांबले. चीक तोच, वजन तेच, मारणारा तोच. गेले ते फक्त घाव.

रविवारी चर्चमध्ये बापाशेजारी बसून ती प्रवचन ऐकत होती असं वाटत होतं, पण झग्याच्या खिशात वॉटचा चेंडू होता आणि आरीच्या टोकाने ती त्याला आतल्या आत ओरखडे काढत होती. पाद्रीबाबांनी एकदा तिच्याकडे रोखून पाहिलं. एबेनने कोपर मारलं. "खाज सुटलीय का?" तो पुटपुटला. रविवारी माळावर खेळायला बंदी. एवढा एक दिवस जाईपर्यंत तिला युग लोटल्यासारखं झालं.

सोमवारी पहाटेच तिने धुण्याची टोपली भरली. गावातल्या बायका माळावरच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांवर कपडे वाळत घालत, त्यामुळे टोपली घेतलेल्या बाईला तिथे कुणी हटकत नसे. चादरींखाली चेंडू होते. आरीच्या ओरखड्यांनी थोडा फरक पडला, फार नाही. ओरखडे बारीक पडत होते. मग तिने बापाच्या बाकावरून हातोडी उचलली. कातडी चेंडू ठोकून गोल करायची ती हातोडी. तिचं एक तोंड चपटं, दुसरं पातळ, छिन्नीसारखं. पातळ तोंडाने तिने एक चेंडू अर्धा ठोकला आणि अर्धा तसाच ठेवला, कारण रस्सा उतू जात होता.

तो अर्धा ठोकलेला चेंडू वॉटने मारला. सरळ निघाला, आणि वाटेत कुणीतरी बाही धरून ओढावं तसा एका अंगाला वळला आणि झुडपांत घुसला.

"बाई, हा चेंडू दारू पिऊन आलाय," वॉट म्हणाला.

"परत मारा. उलटा ठेवून मारा."

तो कण्हत कुथत काट्यांतून चेंडू काढून आला, उलटा ठेवला, मारला. चेंडू दुसऱ्या अंगाला वळला.

वॉटने टोपी काढली. ग्रिझेलला हसू फुटलं आणि लगेच विरलं. तिला ताबडतोब घरी जाऊन दुसरा अर्धा भाग ठोकायचा होता. आताच्या आता. ओल्या चादरी झुडपावर टाकून ती जवळजवळ पळतच सुटली.

पुढचे पंधरा दिवस तिने किती चेंडू ठोकले याचा हिशोब नाही. ठोका खोल गेला तर चेंडू आखूड पडायचा. अगदी वरवरचा असला तर फरकच पडायचा नाही. एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ झाला की भरकटायचा. रांगा धरून, एकसारख्या अंतराने, साऱ्या अंगभर ठोकला तरच तो वाऱ्यात शिरायचा आणि शिरून वर चढायचा. दर फटक्यानंतर ती पावलं मोजत माळभर धावायची. शिवणकाम मागे पडलं. एबेनच्या बाकावर न शिवलेले तीन चेंडू फटीतून पिसं दाखवत पडून राहिले.

आणि एके दिवशी एबेनला हातोडी सापडेना.

शोधत शोधत तो खोपीच्या दारात आला. वाफेने खोकला, डोळे पुसले, आणि बादलीत तरंगणारे आठ चेंडू त्याला दिसले.

"हे काय?"

"चेंडू," ग्रिझेल म्हणाली.

"चेंडू मी करतो. हे काय, ते विचारतोय."

तिने हातातली हातोडी पाठीमागे घेतली.

त्याने एक उचलला. त्यावरून अंगठा फिरवला. "आणि माझी हातोडी घेऊन तू हे असं... नव्या मालाला घाव घालतेस? माझ्या आयुष्यात एका चेंडूवर नख उमटलं तर मी तो परत उसवलाय. आणि तू मुद्दाम?"

"बाबा, घाव घातले की लांब जातो. मी मोजलंय. तुम्ही एकदा येऊन बघा."

"मी काय बघू? माझ्या घरात माझ्याच कामाची तिरडी बांधतेस ते?"

"तिरडी तुमची तुम्ही बांधताय! तो दांडा छातीला लावून! रात्रंदिवस खोकता, थुंकीत पिसं येतात तुमच्या. हे चेंडू करायला छाती लागत नाही, बाबा. गरम पाणी लागतं फक्त."

एबेनने हातोडी तिच्या हातातून घेतली. जोरात नाही, हळूच, सुईदोरा घ्यावा तशी. "या घरात एकच चेंडू होईल," तो म्हणाला आणि गेला.

मग ती वॉटच्या बायकोच्या, जेसीच्या, मासे धुरावायच्या खोपटात गेली. छपराला हेरिंगच्या माळा टांगलेल्या, खाली धुरकट निखारे, आणि कोपऱ्यात ग्रिझेलचं तपेलं. हातोडी तिने खोगीर करणाऱ्याकडून घेतली. रोज सकाळी बापाची पेज करून, दोन चेंडू शिवून ती तिकडे जाई आणि परत येऊन रस्सा टाकी. घरात बोलणं मिठापुरतं उरलं. "मीठ दे." "हे घ्या." रस्ताभर तिला वाटे की परत फिरावं, आणि परत फिरली की वाटे खोपटात जावं. जेसी म्हणायची, "बाई गं, तू दाराच्या बिजागरीसारखी झालीस. ना आत, ना बाहेर."

विकत मात्र कुणी घेईना. तिच्या हाताखालून निघालेला नवा चेंडू दिसायचा जुनाट, मार खाल्लेला. पांढरा रंग दिला तर आणखी वाईट. रंग खाचांत साचून तो नायटा आल्यासारखा दिसायचा. साहेबलोक हातात घेत, हसत, परत टोपलीत टाकत.

मे महिन्यात वसंतातला मोठा सामना आला. मेजर ड्रमंड विरुद्ध लेव्हन गावचे एक जाडजूड वकील. पाहायला अख्खं गाव. एबेन दरवर्षीप्रमाणे त्याची चेंडूंची पेटी घेऊन भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. या वर्षी पेटीपाशी कुणी थांबत नव्हतं, आणि तो समुद्राकडे तोंड करून बसला होता, जणू त्याला तिथे समुद्रच बघायचा आहे. ग्रिझेल झुडपांजवळ ओल्या चादरी घेऊन उभी होती. एक चादर तिने चार वेळा घातली आणि चार वेळा काढली.

मेजरसाहेबांनी लंडनहून गुळगुळीत चेंडू आणवले होते. समोरून समुद्राचा वारा सुटला होता. पहिला चेंडू बुडी मारून वाळूत गेला, दुसरा काट्यांत. अर्धा खेळ व्हायच्या आत मेजरसाहेब तीन गली, म्हणजे चेंडू घालायचे तीन खळगे, मागे पडले आणि त्यांची मान लाल झाली.

त्यांच्या काठ्या वाहणाऱ्या वॉटने खिशात हात घातला. "साहेब, हा घेऊन बघा."

"हे काय? याला देवी आल्यात की काय?"

"नवाकोरा आहे, साहेब."

मेजरसाहेबांनी वास घेतला. "आणि मासळीचा वास?"

"तो वाऱ्यावर जाईल."

रागारागातच त्यांनी काठी फिरवली. चेंडू खालून निघाला, वाऱ्याला भिडला आणि लोकांना वाटलं आता पडणार, तर तो तिथून वर चढायला लागला. चढत गेला, थोडा थबकला, आणि ज्या टेकाडाच्या अलीकडे सगळे चेंडू थांबत होते त्याच्या पलीकडे जाऊन पडला. मग एका कोळ्याने शिट्टी वाजवली.

पुढच्या फटक्यालाही तेच. त्याच्या पुढच्याही. वकीलसाहेब घाम पुसत पुढे आले. "माफ करा मेजर, हा चेंडू सरळ नाही. याच्या आत काहीतरी आहे. शिसं असेल, बूच असेल. नुसता चीक वाऱ्यात असा चढत नाही."

"माझ्यावर आरोप करता?"

"तुमच्यावर नाही. चेंडूवर करतो. उघडून दाखवा."

वाद वाढला. उघडायचा तर कुणी उघडायचा? वॉटच्या हातात द्यायला वकील तयार नाहीत, वकिलांच्या माणसाकडे द्यायला मेजर तयार नाहीत. मग दोघांच्याही नजरा एकाच वेळी भिंतीकडे गेल्या. चेंडूच्या बाबतीत या किनाऱ्यावर ज्याच्या शब्दावर कुणी दुसरा शब्द काढत नसे असा एकच माणूस होता.

"हॅकस्टन," मेजरसाहेबांनी हाक मारली. "इकडे या. चाकू आहे ना?"

एबेन उठला. ग्रिझेलच्या हातातली चादर खाली गेली. ती एक पाऊल पुढे आली, एक मागे. कुणाचा चेंडू ते त्याला सांगायची गरज नव्हती. ठोक्यांच्या रांगा त्याने खोपीत पाहिल्या होत्या. 'आत भेसळ आहे' एवढे तीन शब्द तो म्हणाला असता तर चिकाचा चेंडू पिटरॉयमधून उठला असता, आणि संध्याकाळपर्यंत त्याची पेटी रिकामी झाली असती. हे त्याला कळत होतं, तिला कळत होतं, आणि बहुतेक वॉटलाही, कारण तो काठ्यांवर हात आवळून उभा होता.

एबेनने चेंडू दगडावर धरला. चाकू रुतवला, वरून दुसऱ्या दगडाने हाणला. दोन भाग झाले. एक त्याने उजेडात धरला. नखाने मधोमध टोकरलं. वास घेतला. जिभेला लावला. मग दुसरा भाग घेतला आणि तेच सगळं पुन्हा केलं. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली.

"शिसं?" वकिलांनी विचारलं.

"नाही."

"बूच?"

"नाही. आरपार एकच चीक."

"म्हणजे लबाडी नाही?"

एबेनने चाकू पुसून मिटला. "लबाडी नाही. रद्दड माल आहे. पण लबाडी नाही."

"मग उडतो कसा?" मेजरसाहेबच ओरडले. "सव्वीस वर्षं मी तोफखान्यात काढली. गोळा जितका गुळगुळीत तितका लांब. याला तर..."

"मला काय विचारता?" एबेन म्हणाला. "मी केला नाही. जिने केलाय ती बघा, तिकडे उभी आहे. चादर चिखलात घालून."

सगळं गाव वळलं. ग्रिझेलने आधी चादर उचलली. मग ती पुढे आली.

"कसा ते मला ठाऊक नाही, साहेब," ती म्हणाली. "किती ते सांगते. गुळगुळीत एकशे दहा पावलं. नुसता ओरखडलेला एकशे वीस. सगळीकडून ठोकलेला एकशे सत्तर, आणि वारा पाठीशी असेल तर वर वीस. अर्धा ठोकला तर वळतो. फार खोल ठोकला तर पडतो. चारशेच्या वर फटके मारून बघितलेत. वॉटकाकांना विचारा, त्यांचा खांदा अजून दुखतोय."

"पण तोफेचा गोळा..."

"तोफेचा गोळा परत आणून कुणी दुसऱ्यांदा मारून बघतं का, साहेब?"

वॉट खो खो हसला आणि साहेबांकडे बघून गप्प झाला. सामना पुढे सुरू झाला. मेजरसाहेब अखेर हरलेच, कारण गलीजवळ आले की त्यांचा हात कापायचा, आणि त्याला कुठला चेंडू काय करणार? पण जाताना त्यांनी दोन डझन चेंडू सांगितले, आणि वकिलांनी, कुणी बघत नाही असं पाहून, तीन डझन.

त्या संध्याकाळी एबेनने अर्धा रस्सा संपवला. ग्रिझेलला काहीतरी म्हणायचं होतं. ती उठली, भांडं हलवलं, बसली, पुन्हा उठली.

"बस," एबेन म्हणाला.

ती बसली.

"ठोके वाकडे आहेत."

"काय?"

"रांगा. डावीकडून निघतात त्या खाली घसरतात. बघवत नाही."

"वाऱ्याला काय कळतंय वाकडं नि सरळ?"

"मला कळतं," तो म्हणाला आणि ओटची भाकरी रश्श्यात बुडवली.

गरम चीक वळायला त्याने शेवटपर्यंत हात लावला नाही. पण आठ दिवसांनी तिच्या टोपलीतला एक गार झालेला चेंडू बाकावर दिसला, आणि त्याच्यासमोर एबेन, जुनी हातोडी घेऊन. रांगा अशा की सुताने मारल्यासारख्या. ग्रिझेल बघतच राहिली. वॉटने तो मारला. साठ पावलांवर पडला.

"फार खोल, बाबा. तुमचा हात जड आहे. कातड्याची सवय."

"फटका वाईट होता."

"म्हातारबा," वॉट म्हणाला, "मला काय म्हणायचं ते म्हणा, पण फटक्याला नाव ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी एबेनने आणखी तीन ठोकले आणि स्वतः माळावर आला. तिसऱ्या दिवशीही आला. छातीचा दांडा खुंटीला तसाच लटकत राहिला. आता एबेनलाच झोप लागेनाशी झाली. जेवताना तो मध्येच उठे, बाकाशी जाई. रांगा तिरक्या मारल्या तर? एकमेकांना छेद देऊन मारल्या तर? चौकोन पाडले तर? "बाबा, रस्सा गार होतोय," असं आता ग्रिझेल ओरडायची.

एकदा समुद्रावरून दाट धुकं आलं होतं. वॉटने एक गुळगुळीत आणि एक ठोकलेला असे दोन चेंडू जवळून मारले. ग्रिझेल बाजूला उभी होती.

"बाबा, बघितलंत?"

"धुक्यात काय बघायचं?"

"गुळगुळीत गेला तेव्हा त्याच्या मागे धुकं केवढं फाटलं. होडीच्या मागे पाणी उसळतं तसं. आणि ठोकलेल्याच्या मागे एवढीशीच चीर. वारा त्याला धरून पाठीपर्यंत जातो आणि मग सुटतो. गुळगुळीताला धरताच येत नसेल, म्हणून आधीच सुटतो, आणि मागे ते मोठं भगदाड त्याला ओढतं."

"तुला भास झाला."

"असेल. पण पावलं भास नाहीत."

"तुझी पावलं आखूड पडतात," एबेन म्हणाला. "मी मोजतो." आणि तो काठी टेकत धुक्यात गेला. मोजण्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, मध्ये खोकला, मग पुन्हा आकडे. परत येऊन त्याने पाच पावलं कमी सांगितली. त्यावरून दोघं घरापर्यंत भांडत गेली.

एबेन त्यानंतर दोन हिवाळे जगला. छाती आधीच गेली होती. दांडा सोडल्याने ती परत आली नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा दीड वर्ष जास्त चालली. शेवटच्या आठवड्यात अंथरुणावर बसून त्याने एक चेंडू ठोकायला घेतला आणि पाच रांगा झाल्यावर ग्रिझेलकडे दिला. "पुढचं तू कर. माझ्यासारखं कर, तुझ्यासारखं नको," तो म्हणाला. ती रडत रडत करायला लागली आणि त्याने दोनदा चूक काढली.

तो गेल्यानंतरच्या वसंतात वॉट बातमी घेऊन आला. खाडीपलीकडच्या एका गावात कुणीतरी लोखंडी साचा केला होता, आतूनच खाचा कोरलेला. चीक घातला, दाबला, उघडला की ठोके पडलेला चेंडू तयार. हातोडीच नको.

"आता आपलं काय?" वॉट म्हणाला. "बस म्हणतो मी. खूप धावलीस."

ग्रिझेलने त्याच्या हातातला साच्याचा चेंडू घेतला. अंगठा फिरवला. उठून खिडकीशी गेली, उजेडात धरला, परत आली, पुन्हा खिडकीशी गेली.

"उथळ आहेत," ती म्हणाली. "बघा, इथे तर अगदीच. हा एकशे पन्नासवर मरणार."

त्याच दुपारी ती लोहाराच्या भट्टीत उभी होती. लोहाराने तिचं सगळं ऐकून घेतलं, साच्याच्या दोन वाट्या कशा बसवायच्या ते समजून घेतलं, आणि छिन्नी हातात धरून विचारलं, "बाई, खाचा किती खोल पाडू?"

ग्रिझेलने साच्याच्या चेंडूवरून पुन्हा अंगठा फिरवला.

"साच्यात आज नका पाडू," ती म्हणाली. "आधी चार नमुने पाडून द्या, चारही वेगळ्या खोलीचे. वारा बुधवारपर्यंत समुद्राकडचा राहील ना?"

"वाऱ्याचं मला काय विचारता?"

"मग ऐरण सरकवा जरा, मी इथेच थांबते," ती म्हणाली, आणि लोहार छिन्नीला धार लावेपर्यंत भट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली.